मदत हवी आहे: गरोदरपणात माझा एक्झिमा उसळला, जावेचा सोरायसिस मात्र गेला होता. असं कसं?

खाडीकाठ_ऐरोली: कोणीतरी लवकर सांगा. दोन्ही कोपरांच्या खळीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल होऊन चिरलीय. झोपेत खाजवते, सकाळी गाऊनच्या बाहीला रक्ताचे ठिपके. लहानपणी होतं हे, नंतर बारा-तेरा वर्षं काहीच नव्हतं. जावेला सोरायसिस आहे, पण गरोदरपणात तिचं अंग स्वच्छ झालं होतं. सासूबाई म्हणतात, तिचं बरं झालं आणि तुझं वाढलं, म्हणजे तुझ्याच खाण्यात काहीतरी चुकतंय. जावेची ट्यूब घरात आहे, ती लावली तर चालेल ना? स्किनवाल्यांची वेळ थेट गुरुवारची मिळालीय.

घोडबंदरकर: कितवा महिना? कुठली ट्यूब? दोन्ही लिहिलं नाहीत.

सेक्टर_१५: ताई, आधी सोसायटीची टाकी धुवून घ्या. आमच्याकडे टँकर सुरू झाला की मला हमखास खाज सुटते. आणि कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ.

घोडबंदरकर: चिरलेल्या कातडीवर कडुलिंब? झोंबेल नुसतं. आणि पाणी वाईट असतं तर घरात सगळेच खाजवत बसले असते.

सेक्टर_१५: माझी दोन बाळंतपणं निभावलीत त्याने. अनुभवाचं सांगतेय.

जुनी_सिस्टर_ठाणे: मी बरीच वर्षं त्वचारोग वॉर्डात होते. खाण्याचा काही संबंध नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा. बाळात निम्मा वाटा वडिलांचा, म्हणजे आईच्या शरीराला तो परका. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून आईच्या प्रतिकारशक्तीचा कलच बदलतो. प्रतिकारशक्तीच्या पेशींचे टीएच१, टीएच२, टीएच१७ असे प्रकार असतात. त्यातल्या टीएच१ आणि टीएच१७ चा जोर ओसरतो, टीएच२ चा वाढतो. सोरायसिस टीएच१७ च्या जिवावर चालतो, म्हणून बऱ्याच जणींचा उतरतो. एक्झिमा टीएच२ चा, म्हणून तो चढतो. जावेला ज्याने आराम पडला, त्यानेच तुम्हाला त्रास होतोय.

कळवा_पूर्व: अगदी खरं! माझे चट्टे सातव्या महिन्यात गायब. बाळ दीड महिन्याचं झालं आणि डोक्यापासून परत सुरू. सोरायसिसवाल्यांनो, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध गरोदरपणात अजिबात नाही. ॲसिट्रेटिन हे दुसरं औषध बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात.

खाडीकाठ_ऐरोली: मला सोरायसिस नाहीये हो! २९ आठवडे झालेत. ट्यूब क्लोबेटासोलची, काल दोनदा लावली. रात्री तळपायही फार खाजतात, पण तिथे पुरळ वगैरे काही नाही.

जुनी_सिस्टर_ठाणे: तळपायांचं आधी सांगायचं ना! एक्झिमा बाजूला ठेवा. पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजतात, तेही रात्री जास्त, तेव्हा यकृत तपासायचं असतं. गरोदरपणात पित्ताचा निचरा मंदावू शकतो, त्याला कोलेस्टेसिस म्हणतात. रक्तात बाइल ॲसिड, म्हणजे पित्तातलं आम्ल, फार वाढलं तर बाळाला धोका असतो. गुरुवारची वाट बघू नका, बाळंतपणाच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. बाइल ॲसिड आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी), दोन्ही करायला सांगतील. क्लोबेटासोल सगळ्यात कडक स्टिरॉइडांपैकी आहे. दोनदा लागलं म्हणून घाबरू नका, पण आता बंद. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. नखं कापा.

सेक्टर_१५: बघा, शेवटी स्टिरॉइडच निघालं. पोटुशीला स्टिरॉइड कशाला?

जुनी_सिस्टर_ठाणे: सौम्य किंवा मध्यम ताकदीचं डॉक्टर सांगतील तेवढं लावलेलं चालतं. रात्ररात्र झोप नाही, जखमा चिघळतायत, ते चालवून घ्यायचं का?

घोडबंदरकर: फोन लागला का?

खाडीकाठ_ऐरोली: लागला. उद्या सकाळी ८ ला रक्ताला बोलावलंय. ट्यूब जावेला परत दिली. ह्यांनी आत्ताच बसून माझी नखं कापून दिली. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.