मदत हवी आहे: वारीसाठी फिल्म की डिजिटल?

नमस्कार मंडळी. काकांचा जुना फिल्म कॅमेरा निकॉन एफएम२ आणि त्यावरची ५० मिमी एफ/१.८ एआय-एस (हाताने फोकस करायची) लेन्स आता माझ्याकडे आहे. शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतात ते फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. १/३० सेकंदापेक्षा संथ शटर स्पीड मात्र जरा रेंगाळतात असं कानाला वाटतं. लेन्सच्या कडेला बुरशीचे बारीक धागेही आहेत, पण डोंबिवलीच्या पावसाळ्यात ते कोणाला चुकलंय!

यंदा वारीचे फोटो काढायचेत. मन ओढतंय इल्फर्ड एचपी५ या कृष्णधवल फिल्मकडे. पण एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि दिवे घाटात सर आली की त्या गर्दीत रोल बदलायचा कुठे? वर ढग दाटले तरी आयएसओ (फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवता येत नाही. पुश करायचं (म्हणजे जास्त आयएसओ धरून फोटो काढायचे आणि रोल धुताना जास्त वेळ द्यायचा) तर अख्खा रोल करावा लागतो.

दुसरा पर्याय सेकंडहँड डिजिटल कॅमेरा, निकॉन डी७५०. मेनूत फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर भरलं की हीच लेन्स त्यावर मीटरसकट चालते, फोकस हाताने करायचा एवढंच. डोकं म्हणतं हेच घे.

तर, पावसात फिल्मवर काम केलेल्यांनी सांगा, झेपतं का? घरी डी-७६ या डेव्हलपर रसायनात रोल धुताना २० अंश तापमान कसं राखता? बर्फ, की वेळ कमी करून? आणि ठाणे-मुंबईत एफएम२ चं शटर उघडणारा भरवशाचा कारागीर आहे का कोणी? ‘मोबाइल आहे की’ हे उत्तर घरच्यांनी दिलेलं आहे.