'लॅग'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ
ऑनलाइन खेळांवर मराठीत लिहायचं तर 'लॅग' दर दोन ओळींनी येतो. बोलताना आपण 'गेम लॅग मारतोय', 'नेट गंडलंय', 'हँग झालंय' असं काहीही म्हणून मोकळे होतो. लिहिताना सगळीकडे 'विलंब' घातलं तर अर्थ पातळ होतो. नेमके पर्याय हवे आहेत. मूळ शब्द तसाच ठेवायचा असेल तर तेही चालेल, पण मग तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही?

तारायंत्र
शब्द शोधण्याआधी 'लॅग' म्हणजे काय ते सुटं करायला हवं. या एका शब्दाखाली किमान चार वेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

पहिला पिंगचा. आपल्याकडून निघालेलं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. ३०-४० असेल तर जाणवत नाही. १०० च्या वर गेला की नेमबाजीच्या खेळात, समोरचा आपल्याला दिसतो तिथून तो आधीच हललेला असतो. बुद्धिबळाला मात्र २०० सुद्धा चालतो. यातला मोठा वाटा अंतराचा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ५,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला किमान ५० मिलिसेकंद लागणारच. महागडा प्लॅन घेऊन हे कमी होत नाही, जवळचा सर्व्हर निवडला तर होतं. इथे 'विलंब' चपखल बसतो.

दुसरा जिटर. पिंग एकदा २५, मग ११०, मग ३०. सरासरी छान दिसते आणि खेळ मात्र असह्य होतो. सतत ७० राहणारा पिंग याहून कितीतरी बरा, कारण खेळाडूचा हात स्थिर उशिराशी जुळवून घेतो, बदलत्या उशिराशी नाही. याला मी 'हेलकावे' म्हणेन.

तिसरी पॅकेटांची गळती. काही पॅकेटं पोचतच नाहीत. फाइल उतरवताना हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं, म्हणून फाइल शाबूत राहते, फक्त वेळ जास्त लागतो. खेळात तेवढी उसंत नसते. पात्र पुढे पळतं आणि झटकन मागे खेचलं जातं ते बऱ्याचदा यामुळे: आपलं यंत्र अंदाजाने पात्राला पुढे नेतं, सर्व्हरला मधली पावलं मिळालेलीच नसतात, आणि शेवटी सर्व्हरचं म्हणणं खरं धरलं जातं.

चौथ्याचा नेटशी संबंधच नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. यंत्र तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, चित्रं वेळेत तयार होत नाहीत आणि खेळ अडखळतो. हा 'लॅग' नव्हेच. ओळखायचं कसं? नेट बंद करून एकट्याने खेळायचा भाग सुरू करा. तरीही अडखळत असेल तर राउटरला दोष देऊ नका.

मात्रावृत्त
तारायंत्र यांच्या चारही फोडींशी सहमत. 'पिंग'बद्दल थोडी भर. हा वेळ मोजणारी 'पिंग' ही संगणकाची आज्ञा माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि नाव घेतलं ते सोनारच्या आवाजावरून. ज्या संदेशावर ती चालते त्याच्या नावातच 'एको', म्हणजे पडसाद, आहे. मराठीत साद आणि पडसाद ही जोडी आयतीच आहे, म्हणून 'पडसादकाळ' सुचवतो. 'प्रतिसादकाळ' नको. सर्व्हरने विचार करून, काम करून दिलेलं उत्तर म्हणजे प्रतिसाद. पिंगमध्ये नुसती हाक परत येते, काम काहीच होत नाही.

शब्दवेल्हाळ
'पडसादकाळ' लेखात शोभेल, पण पडद्याच्या कोपऱ्यात तीन अक्षरांची जागा असते. तिथे 'पिंग'च राहू द्या. आणि 'नेट स्लो आहे' याचं काय? ते कोणत्या खान्यात?

तारायंत्र
कोणत्याच नाही, आणि गोंधळाचं मूळ तेच आहे. जाहिरातीत 'वेग' म्हणून जे सांगतात ती क्षमता असते, एका सेकंदात किती माहिती मावते ती. १०० एमबीपीएस म्हणजे १०० मेगाबिट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून सेकंदाला १२.५ मेगाबाइट. ५० जीबीचा खेळ उतरवायला यावर सव्वा तासाच्या आतबाहेर वेळ लागेल. पण एकदा उतरवल्यावर खेळताना बहुतेक खेळांना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. (खेळाचं चित्रच दुरून येतं त्या क्लाउड गेमिंगचा हिशोब वेगळा.) म्हणून १०० चा प्लॅन ३०० चा केला आणि लॅग तसाच राहिला, तर त्यात नवल नाही.

क्षमता आणि विलंब यांची गाठ एकाच ठिकाणी पडते, आणि तिच्यासाठी मराठीत फार चांगला शब्द आहे: तुंबारा. घरात कुणाच्या तरी फोनवरून फोटो क्लाउडवर चढायला लागले की अपलोडची वाट भरते. राउटर जादा पॅकेटं टाकून न देता रांगेत साठवत राहतो. खेळाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि ३० चा पिंग ३०० वर जातो. स्पीड टेस्टचा मोठा आकडा तेव्हाही झकास येतो, म्हणून लोक चकतात. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका.

बिघाड कुठे आहे हे कळण्यासाठी पिंगची आज्ञा दोनदा चालवायची. आधी राउटरच्या पत्त्यावर (नेटवर्कच्या माहितीत 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो), मग बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर. विंडोजवर ही आज्ञा चारच हाका मारून थांबते. चारांवरून हेलकावे कळत नाहीत, निदान १०० हाका मारायला सांगा. तारेने जोडलेल्या राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. वायफायवर थोडं जास्त चालेल, पण तिथेच ५०-६० च्या उड्या दिसल्या तर दोष घरातल्या वायफायचा, कंपनीचा नाही.

काठावरची
अवांतर: व्हीपीएन ('व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क', आपली ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) घेतला की लॅगही जातो आणि सगळं गोपनीय पण होतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं आहे का?

तारायंत्र
लॅग बहुधा वाढतो, कारण वाटेत एक मुक्काम जास्त होतो. कंपनी मुळातच वळशाच्या वाटेने नेत असेल तर क्वचित कमीही होतो.

मात्रावृत्त
'गोपनीय' हा शब्दच इथे फसवा आहे. व्हीपीएनमधलं 'प्रायव्हेट' म्हणजे सार्वजनिक नसलेलं, 'खासगी रस्ता' म्हणतो त्या अर्थाने. लपलेलं या अर्थाने नव्हे. आपण कोणत्या साइटवर जातो हे आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं, आता ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. खेळातलं खातं आणि त्याला जोडलेला ईमेल जिथल्या तिथेच राहतात.

ब्राउझरच्या 'गुप्त' विंडोचंही तेच. बंद केल्यावर त्या यंत्रावरचा इतिहास आणि कुकी पुसल्या जातात. उतरवलेल्या फायली राहतात, आणि इंटरनेट कंपनीला साइटचं नाव आधीसारखंच दिसतं. तिला 'खासगी विंडो' म्हणावं, 'गुप्त' म्हणून वाचणाऱ्याला नसलेला भरवसा देऊ नये. 'गोपनीयता धोरण' तर उलटंच आहे: आपली माहिती कुणाकुणाला दिली जाते हे ज्यात लिहिलेलं असतं त्या कागदाला आपण गोपनीयतेचं नाव देतो. गोपनीय असते ती गोष्ट, ती कुणालाच कळू द्यायची नसते. खासगीपणा असतो माणसाचा, कुणाला काय कळावं हे त्याने ठरवायचं. 'वैयक्तिक माहितीविषयक धोरण' लांब आहे, पण खरं आहे.

काठावरची
हे पटलं. पण मग तारायंत्र, तुमच्या 'गळती'ला माझा आक्षेप आहे. 'माहितीची गळती' आपण आधीच डेटा लीकसाठी वापरतो. तिथे माहिती भलत्याच्या हाती पडते. पॅकेट लॉसमध्ये ती कुणाच्याच हाती पडत नाही, वाटेत नाहीशी होते. खेळाच्या पडद्यावर 'गळती ३%' वाचून एखादा पासवर्ड बदलायला धावेल.

तारायंत्र
आक्षेप मान्य. 'पॅकेट गहाळ' कसं वाटतं? 'गहाळ ३%' कोपऱ्यातही मावतं.

शब्दवेल्हाळ
'गहाळ' घेतो. आणि लीकसाठी 'गळती'पेक्षा 'फुटणं' जास्त ठसठशीत. पेपर फुटतो, तशी माहिती फुटते. फुटण्यात कुणाचा तरी हात असल्याचं सूचित होतं, 'गळती'त ते आपोआप झाल्यासारखं वाटतं.

मात्रावृत्त
तेवढं मात्र जपून. सर्व्हरचं कुलूप कुणी फोडलं तर 'फुटली' बरोबर. पण पुष्कळदा डेटाबेस पासवर्डविना उघडाच राहिलेला असतो, आणि कुणी उचलून नेला की नाही हेही कळत नाही. तेव्हा 'माहिती उघड्यावर पडली' म्हणावं.