मदत हवी आहे: बैलगाडीच्या मॉडेलचा तुंबा (चाकाच्या मधला गोल ठोकळा) दरवेळी फुटतोय, लाकूड आणि हत्यारं कुठली वापरू?

नमस्कार मंडळी, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, कामामुळं बेळगावात शहापूरला राहतो. आमच्या आज्जाची लाकडी चाकांची गाडी होती, आता फक्त साटा (गाडीची वरची चौकट) आणि एक चाक उरलंय, तेही गोठ्यामागं पडून आहे आणि खालच्या बाजूनं वाळवी लागलीय. ते पूर्ण जायच्या आत मापं घेऊन १:१२ चं मॉडेल करालोय, म्हणजे एका फुटाला एक इंच. चाक साडेचार फुटांचं म्हणून मॉडेलमध्ये साडेचार इंच, तुंबा ९ इंचांचा म्हणून पाऊण इंच, म्हणजे १९ एमएमच्या आसपास.

अडलंय ते तुंब्यावर. त्याला १२ आरे बसतात. १९ एमएमच्या तुंब्याचा घेर जेमतेम ६० एमएम, म्हणजे एका आऱ्याच्या वाट्याला ५ एमएम. फर्निचरवाल्याकडनं सागवानाचे तुकडे आणले होते, सातवं आठवं भोक पाडलं की रेषेवरनं चर्रकन उभं फाटतंय, आत्तापर्यंत चार तुंबे गेले. ऑनलाइन पटाश्यांचा सेट मागवला तर दुसऱ्याच दिवशी गोल पटाशीची कड वळली. मग हॅक्सॉ ब्लेडचे दात घासून चाकू केला, तोही दहा मिनिटांत बोथट.

तर लाकूड कुठलं घेऊ, बारीक पटाशी घरी कशी करू, आणि लोहार जशी धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) तापवून चढवतात तशी या एवढ्याशा चाकावर चढवता येईल का? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. बाळा, सागवान पॅटर्नला चांगलं कारण ते वेडंवाकडं होत नाही, पण एवढ्या बारीक कामाला नको. त्यात सिलिका असते, ती धार खाते, तुझी पटाशी बोथट व्हायला निम्मं कारण तेच. बारीक रेषेचं गच्च लाकूड बघ, हेद मिळालं तर उत्तम. कोरीव कामाला शिवणही छान. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची करतात, ते हलकं आणि मऊ असतं, बैल करायचे असतील तर घे, तुंब्याला नको.

चाकूचं म्हणशील तर हल्लीच्या बऱ्याच ब्लेडी बायमेटल असतात, कडक स्टील फक्त दातांना, पाठ लवचिक. तू दातच घासून टाकलेस की. वर्कशॉपमधून पॉवर हॅक्सॉची मोडलेली जाड ब्लेड माग, भंगारातच टाकतात ती. बहुतेक अख्खी हायस्पीड स्टीलची असते, ग्राइंडरवर जरा निळी पडली तरी पाणी (कडकपणा) उतरत नाही. साध्या कानशीची पटाशी करशील तर मात्र निळी पडली की संपली, म्हणून दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायची. आणि ग्राइंडरवर चष्मा घालूनच बसायचं, यात हयगय नको.

प्रतिसाद २
दादा, तुम्ही शहापूरलाच आहात म्हणजे मागवर जाऊन जुना धोटा (विणताना आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) मागा! आमच्या घरी माग होते म्हणून सांगते, धोटा दिवसभर इकडून तिकडं आपटून फुटत नाही असलं ते लाकूड. टोकाची लोखंडी टोपी आधी काढायची आणि टोकाकडचा भरीव भाग घ्यायचा. मागाच्या जुन्या फणीतल्या स्टीलच्या चपट्या काड्या पण घेऊन या, साट्याच्या पट्ट्यांना एकदम मापात बसतील. मी नक्षीतल्या बारीक खाचांना मोडक्या छत्रीची काडी वापरते, ती आधीच पन्हळीसारखी असते, टोक तिरकं घासलं की झाली बारीक गोल पटाशी. कडक लाकडाला नाही चालत, मऊ लाकडाला मस्त. धारेला काचेवर १०००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर, आणि शेवटी चपलेच्या कातड्याच्या तुकड्यावर हिरवा पॉलिश साबण लावून ओढायची, नेहमी मागं, पुढं ढकललं तर कातडं कापतं.

प्रतिसाद १ वाले काका पुन्हा
धोट्याचं ताईंनी बरोबर सांगितलं. आता भोकांचं. तुंबा आधी कापायचा नाही. दांडा लांब ठेव, दोन्हीकडं दोन दोन इंच जास्त, १२ भोकं पाडून झाल्यावर काप. भोकं कडेला आली की फाटतं, तुझं तेच झालंय. मापाला कागदाची पट्टी तुंब्याभोवती गुंडाळ, जोडावर काप, घडी घालून बारा भाग कर आणि परत चिकटव, कंपास लागत नाही. भोक २ एमएमचंच, हातड्रिलनं, आणि ओळीनं नको, आधी समोरासमोरची.

आरे बांबूचे कर. पोलादी पट्टीला ३, अडीच, २ एमएमची भोकं पाडून चिरलेली बांबूची काडी त्यातनं ओढत न्यायची, एकसारखी गोल निघते. धाव तापवून नको, एवढं पातळ लाकूड जळेल. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी काप, टोकं एकावर एक घे, अॅरल्डाइटनं चिकटव.

मूळ धागाकर्ता
काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. रविवारी धोटा मिळाला, दोन मिळाले खरं तर. कागदाची पट्टी घडी घालून केलं आणि बाराच्या बारा भोकं पडली, एकही चीर नाही. आरे ओढायला लागलोय, बांबूच्या आतल्या बाजूच्या काड्या तुटालेत, सालीजवळच्या टिकतात. आता पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या गोल कडेचे लाकडी भाग राहिले, सहा तुकडे, प्रत्येकात दोन आरे. आज्जाच्या चाकात एका पुठ्ठ्याला नंतर जोड दिलेला दिसतोय, त्याचा रंग वेगळा आहे, तो तुकडा मी शिवणीचाच घालणार आहे. शिवण खानापुरात सुटी कुठल्या वखारीत मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा, फूटभर तुकडा पुरे.