मुलीची फजिती झाली तर बिघडलं कुठे?

मांडवीची आत्या
आपल्या बडोद्याच्या दिवाळी अंकात आठ-दहा वर्षांच्या मुलींसाठी चार विनोदी गोष्टी घालाव्यात, असं मी सुचवलं होतं. त्यावर काल दांडियाबजारकर काकांनी लिहिलं, "मुलींसाठी वेगळा विनोद कशाला? गोट्या, बोक्या सातबंडे, फास्टर फेणे मुलींनीही वाचलेच ना? त्यापेक्षा चार चांगल्या गोष्टी शिकवणारं काही द्या." रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, तुम्ही घेतलेली तिन्ही नावं मुलग्यांची आहेत. चिंटू धरला तर चौथं. आपण बडोद्याची माणसं, घरात गुजराती पुस्तकंही आली. त्यातही नायक कोण, तर बकोर पटेल, छको-मको, मियां फुसकी. बकोर पटेलांची बायको शकरी पटलाणी आहे, पण गोष्टी ओळखल्या जातात त्या पटेलांच्या नावाने.

रविवारी मी गल्लीतल्या मुलींना गोष्टी वाचून दाखवते. मागे एकदा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने मध्येच थांबवून विचारलं, "आत्या, यात मुलगी कधी घसरून पडणार?" त्या गोष्टीतली बहीण भावाला "नको रे" म्हणत होती, नंतर त्याच्या गुडघ्याला हळद लावत होती. सगळी मजा भावाने केली. शहाणपण तेवढं हिच्या वाट्याला. हेच शिकवणारं आणखी काही देऊ का?

दांडियाबजारकर
ताई, रागावून लिहिलंत तरी उत्तर देतो. गोट्या लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांनीच 'चिंगी'ही लिहिली. ती विसरलात. आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी कोण? बाईच ना?

माझी मुलगी फेणे वाचूनच वाढली. कमाटी बागेतल्या एका झाडावरून पडून हात मोडून घेतला तिने. नायक मुलगा आहे म्हणून तिचं काही अडलं नाही. 'मुलींसाठी' असं छापलं की मुखपृष्ठ गुलाबी होतं, आत फुलपाखरं येतात, आणि मुलगे त्या पुस्तकाला हात लावत नाहीत. मला भीती त्याची आहे.

निवृत्त बाई, रावपुरा
दांडियाबजारकर, शोधून शोधून एक चिंगी आणि एक म्हातारी सापडली, यातच सगळं आलं.

माझी आजी शाळेत गेली ती सयाजीराव महाराजांमुळे. १९०६ साली त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. दंड भरावा लागेल म्हणून पणजोबांनी तिला धाडलं, हौसेने नाही. पुढे तिने चिमणराव वाचला, तोही स्वयंपाकघराच्या दाराआड, तोंडात पदराचा बोळा कोंबून. चिमणराव लिहिणारे चिं. वि. जोशी याच गावात पाली भाषा शिकवत होते आणि त्यांची गोष्ट वाचून इथल्या बाईला मोकळं हसता येत नव्हतं! "दात काय काढतेस" हे मी लहानपणी किती ऐकलं त्याला गणती नाही. माझ्या भावाला एकदाही कुणी म्हटलं नाही.

भोंडला आठवा. करंजीला होडी समजून पाण्यात सोडणारा वेडा नवरा आणि त्याला हसणाऱ्या मुली. विनोद आपल्या मुलींच्या तोंडी होता, पुस्तकात उतरताना गळला. आता नवरात्रात गरबा असतो, भोंडला आमच्या वाड्यात चार बायकांपुरता उरलाय.

सयाजीगंजची आई
पण मराठी वाचतंय कोण? माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते, जोडाक्षर आलं की पुस्तक मिटते. गुजराती मात्र शाळेत आहे म्हणून वाचते आणि बकोर पटेल वाचताना खो-खो हसते. मला विचाराल तर गोष्टी आपल्या बडोद्याच्या मराठीत लिहा. ती 'खिडकी' म्हणत नाही, 'बारी' म्हणते. पुस्तकाला 'चोपडी'. पतंग उडवत नाही, 'चगवते'. हसायचं असेल तर आधी भाषा घरची वाटायला हवी.

प्रमाणभाषाप्रेमी
याला माझा ठाम विरोध. २०१८ साली ९१वं साहित्य संमेलन याच बडोद्यात भरलं, आपण यजमान होतो. आणि आता 'बारी' आणि 'चोपडी' छापायचं? दिवाळी अंक ही मुलांना चांगली मराठी दिसण्याची शेवटची जागा उरली आहे. ती घालवलीत तर पुढची पिढी धड मराठीही बोलणार नाही आणि धड गुजरातीही.

सयाजीगंजची आई
धड मराठी म्हणजे कुठली? मी पुण्याला वसतिगृहात असताना 'बारी बंद कर' म्हटलं तर खोलीतल्या मुली आठवडाभर माझी नक्कल करत होत्या. मी बोलणंच कमी केलं. दोन वर्षं. माझ्या मुलीने आपल्याच गावच्या अंकातही तसंच गप्प बसायचं का?

प्रमाणभाषाप्रेमी
तुमच्या वसतिगृहातल्या मुली चुकल्या. पण त्यांची शिक्षा मराठी व्याकरणाला का देता?

सयाजीगंजची आई
व्याकरणाला कुणी हात लावला? तीन शब्दांवरून तुम्ही भाषा बुडवलीत!

निवृत्त बाई, रावपुरा
दोघांनीही आवरा. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, ते मुलांच्या वहीत 'चोपडी' वाचतच. एकही मूल त्यापायी मराठी विसरलं नाही. विसरली ती कंटाळ्याने.

मांडवीची आत्या
मूळ मुद्दा राहिला बाजूला. मला कशी गोष्ट हवी आहे ते सांगते, मग काय भांडायचं ते भांडा.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस. गच्चीवर भाऊ पतंग चगवतो आणि बहिणीने मांजाची फिरकी धरायची. आपल्या प्रत्येक गच्चीवर हेच चालतं. आमची ताई म्हणते, आज मी चगवणार. फिरकी धरायला कोणी येत नाही. मग ती फिरकी दोरीने बांधते उंधियूच्या भाजीच्या पातेल्याच्या कडीला. "लपेट!" ओरडायला भरपूर, लपेटायला कोणीच नाही. वारा येतो, मांजा संपतो, पण ताईला माघार माहीत नाही. ती दोन्ही हातांनी ओढत मागे-मागे जाते आणि पातेलं फरशीवर खडखडत तिच्यामागे निघतं. त्याच्यामागे आजी झारा घेऊन. शेजारच्या गच्चीवरून लोक पतंग सोडून पातेलं बघू लागतात. शेवटी उंधियूचा रस्सा आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर. आणि पतंग? कापलाच नाही. तो एकटा वर राहिला.

हे मी तोंडीच सांगितलं. मुली जमिनीवर लोळल्या. शेवटी ताई शहाणी होत नाही, माफी मागत नाही, "पुढच्या वर्षी कुकर बांधेन" म्हणते. भाचीने तीनदा सांगायला लावली.

दांडियाबजारकर
गोष्ट चांगली आहे. हे मी आनंदाने म्हणत नाही. माझ्या मुलीला मी आठ वर्षं गच्चीवर फिरकी धरायला लावली, ते आत्ता हे वाचताना आठवलं. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मी समजलो की तिला आवडत असावं.

ही गोष्ट घ्या, अशा आणखी तीनही घ्या. माझा आक्षेप एकाच गोष्टीला कायम: वर 'मुलींसाठी' असं छापू नका. ताईची फजिती मुलग्यांनीही वाचायला हवी, नाहीतर फिरकी कोणी धरायची हे बदलणार नाही.

मांडवीची आत्या
शिक्का काढते. हे तुमचं बरोबर आहे. पण चार गोष्टींतली एकही कमी होणार नाही, आणि एकीच्याही शेवटी बोध घालायचा नाही.

प्रमाणभाषाप्रेमी
गोष्टीला माझी हरकत नाही. 'उंधियू'ला दुसरा शब्द नाही, ते मान्य. पण 'चगवतो'च्या जागी 'उडवतो' करा.

सयाजीगंजची आई
आत्ताच लेकीला मोबाईलवरून वाचून दाखवली. 'चगवतो' ऐकून तिने मान वर केली आणि म्हणाली, "ही आपली गोष्ट आहे?" तो शब्द राहू द्या.

मांडवीची आत्या
राहील.