अनुभव धागा : शंकेला व्हिडिओतून उत्तर

धागाकर्ती (भौतिकशास्त्र)

ऑनलाइन शिकवायला लागल्यापासून माझा बराचसा वेळ शंकांना उत्तरं देण्यात जातो. तक्रार नाही, खरं शिकवणं तिथेच होतं असं माझं मत. पण 'मॅडम, चालताना घर्षण पुढच्या दिशेने कसं?' या एका ओळीला लिहून उत्तर द्यायचं तर आकृती आली, बाण आले, अर्धं पान झालं. आणि एवढं करून समोरून येतं, 'ओके मॅडम'. हे ओके कळलं म्हणून की नाद सोडला म्हणून, देव जाणे.

म्हणून हल्ली मी वेबकॅम लावते, विचारणाऱ्याचं नाव घेते, प्रश्न वाचते आणि बोलायला लागते. घर्षणाच्या वेळी एक बूट टेबलावर मागे रेटून दाखवला. बूट टेबलाला मागे ढकलतोय, म्हणून टेबल बुटाला पुढे ढकलतंय. संपलं. लगेच पुढची शंका आली, 'मग बर्फावर पाय मागे का सटकतो?' ही अशी उलटी शंका आली की समजावं, उत्तर पोचलं.

२०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. त्यातलं 'सहा मिनिटांच्या आत ठेवा' एवढंच सगळीकडे फिरतं. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त आवडतं: खर्चिक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोललेले व्हिडिओ मुलं जास्त वेळ बघू शकतात. अर्थात ते व्याख्यानांचे व्हिडिओ होते. शंकेला सहा मिनिटं म्हणजे चैन आहे.

तुमचं कसं चालतं? चेहरा दाखवता का? अडखळलात तर पुन्हा रेकॉर्ड करता का? शिकणाऱ्यांनीही लिहा, आमचं आम्हीच कौतुक करण्यात अर्थ नाही.

कागदपेन (गणित)

चेहरा अजिबात नाही. सलमान खान (मोफत ऑनलाइन शिकवणाऱ्या खान अकॅडमीवाले, हिरो नव्हे) २००४ मध्ये दूर राहणाऱ्या नात्यातल्या मुलीला गणित शिकवायला लागले आणि २००६ पासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला लागले. त्यात काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरं उमटतात आणि आवाज येतो. कुणाचं काही अडलं नाही.

माझा वेबकॅम वाकणाऱ्या स्टँडवर, तोंड खाली कागदाकडे. नव्याने करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. ऑटोफोकस बंद करून फोकस कागदावर पक्का करा, नाहीतर हात हलला की कॅमेरा हात बघू की कागद या विचारात पडतो आणि नेमकं समीकरण धूसर होतं. चित्र उलटं दिसत असेल तर सॉफ्टवेअरमधून १८० अंशांत फिरवा. पडद्यावर आपल्याला अक्षरं आरशातल्यासारखी दिसली तर घाबरू नका, बहुतेक ठिकाणी ते फक्त आपल्यापुरतं असतं, रेकॉर्डिंग सरळ होतं. तरी एक ओळ लिहून तपासाच. आणि चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारता बघा. जिथे ५० हर्ट्झची वीज आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि कॅमेरा ६० वर असेल तर तेच पट्टे होऊन दिसतं.

अडखळलो तर? तसंच ठेवतो. वजाचिन्ह सुटलं, थांबलो, मागे गेलो, शोधलं. ते शोधणं मुलांनी बघायलाच हवं. छापील उत्तरात ते कुठे दिसणार?

जीभ_आणि_ओठ (जर्मन भाषा)

कागदपेन, तुमचं गणितापुरतं मान्य. पण माझ्याकडे चेहरा हेच उत्तर आहे. जर्मनमधला तो दोन टिंबांचा यू कसा म्हणायचा हे लिहून सांगून बघा बरं! 'ई' म्हणायला लागा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठांचा चंबू करा. हे वाक्य मी कैकदा लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी मुलांनी जिभेसकट सगळं 'ऊ' वर नेलंय. एकदा समोरून आणि एकदा बाजूने, ओठ पडदाभर दिसतील इतक्या जवळून रेकॉर्ड केलं की चित्र स्पष्ट.

मी मुलांकडूनही व्हिडिओच मागते. नुसत्या आवाजावरून चूक कळते, पण ती कुठून आली ते कळत नाही. ओठ दिसले की कळतं. आधी लाजतात, मग सवय होते.

अर्धविराम (प्रोग्रामिंग)

पडद्याचं रेकॉर्डिंग, कोपऱ्यात छोटा चेहरा, तोही उत्तर सुरू झालं की बंद. कारण तो नेमका कोडवर बसतो.

मुलांनी पाठवलेला कोड मी आधी वाचत नाही. रेकॉर्डिंग सुरू करून पहिल्यांदाच उघडतो आणि मनात जे येतं ते मोठ्याने बोलतो: 'एरर बेचाळिसाव्या ओळीवर दाखवतोय, पण मला संशय वरच्या फंक्शनचा आहे, इथे एक प्रिंट टाकून बघू.' कधी माझा संशय साफ चुकतो. चुकू दे.

सोबत दुरुस्त केलेल्या ओळी मजकूर म्हणून देतोच. व्हिडिओतून कोड कॉपी होत नाही, बिचारे पॉज करून टाइप करत बसतात. अक्षरं मोठी करा, बरेच जण मोबाइलवर बघतात. ओबीएस (पडदा रेकॉर्ड करायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलप्रकारात करा. मध्येच संगणक बंद पडला तरी तोवरचं शाबूत राहतं, साधी एमपी४ फाइल अशा वेळी उघडतच नाही. नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करून घेता येते.

शेवटचा_बाक (विद्यार्थिनी)

आमच्या बाजूने लिहिते.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे 'परत सांगा ना' म्हणायची लाज वाटत नाही. मागे घ्यायचं, परत ऐकायचं, कुणाला पत्ता नाही. आणि सरांनी आपलं नाव घेतलं की उगाच भारी वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता त्रास. 'व्हिडिओ बघ, त्यात आहे' असं म्हणून मोठा जुना व्हिडिओ पाठवणं म्हणजे उत्तर नव्हे. त्यात कुठे आहे? वेळ लिहा की! परीक्षेच्या आदल्या रात्री मजकुरात शब्द शोधता येतो, व्हिडिओत नाही. फाइलचं नाव तारखेऐवजी प्रश्नावरून ठेवलंत तर आम्ही जन्मभर ऋणी राहू. सुरुवातीला 'नमस्कार, कसे आहात सगळे' नको, मी एकटीच बघतेय.

आणि हो, मॅडम, कधीकधी 'ओके' म्हणजे खरंच ओके असतं.

गजधारी (व्हायोलिन)

थेट वर्गात नेटवरून आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमतच नाही. म्हणून तंत्राची शंका असली की रेकॉर्ड करूनच पाठवतो: गज तारेला काटकोनात आहे का, मनगट कुठे मोडतंय. शिष्य तो व्हिडिओ हळू करून बघतो, हे समोर बसवूनही होत नाही.

एकच सूचना. कॉलच्या ॲपवर रेकॉर्ड करत असाल तर गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवा. ती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. लांब धरलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तो गिळून टाकते. मग शिष्य विचारतो, 'सर, इथे तुम्ही थांबलात का?'

कमी_ऐकू_येतं (विद्यार्थी)

थोडक्यात: खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. बोलताना हात तोंडासमोर नको. आपोआप येणारी सबटायटल्स एकदा नजरेखालून घाला. साधं बोलणं बरं येतं, नेमक्या पारिभाषिक शब्दांची वाट लागते. आणि मला तेच शब्द हवे असतात.

लिहा_की_राव

सगळं छान, पण 'उत्तर ब आहे का?' या प्रश्नाला सव्वा मिनिटाचा व्हिडिओ आलेला मी बघितलाय. त्यात पहिली पंधरा सेकंदं माइक चालू आहे का यात गेली.

धागाकर्ती (भौतिकशास्त्र)

@लिहा_की_राव, शंभर टक्के मान्य! हो-नाहीला लिहूनच उत्तर. आणि जिथे मलाच मुलाला उलट दोन प्रश्न विचारायचे आहेत तिथेही व्हिडिओ नाही, सरळ फोन. 'कसं' आणि 'का' यांनाच कॅमेरा.

@शेवटचा_बाक, फाइलच्या नावांचं आजपासून करते.

एक राहिलं. एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना उपयोगी पडेल असं वाटलं तर नाव न घेता दुसरं रेकॉर्ड करते. 'अमक्याला हे कळलं नाही' हे सगळ्या वर्गाने का ऐकावं? यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं तरी लिंक ज्याच्या हाती लागेल तो बघू शकतो, हेही लक्षात असू द्या.

नवा_भिडू

वाचतोय, मस्त धागा. फाइल किती मोठी होते? माझी मुलं मोबाइल डेटावर असतात.

अर्धविराम (प्रोग्रामिंग)

@नवा_भिडू, ७२०पी आणि सेकंदाला २ मेगाबिट धरले तर मिनिटाला साधारण १५ एमबी. पडद्यावर फारसं हलत नसेल तर याच्या निम्म्यातही अक्षरं वाचता येतात. आवाजाची गुणवत्ता मात्र कमी करू नका, तिथे वाचतं थोडं आणि जातं फार.