अनुभव धागा : व्हर्च्युअल मशीन टाकण्याआधी तुम्ही काय तपासता?

खान्देशातल्या मंडळींनो, आपल्याकडे ऑफिसातून निघालेले जुने लॅपटॉप घेऊन लिनक्स शिकणारी पोरं भरपूर आहेत. व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर. तो चालवणारं केव्हीएम किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकण्याआधी मशीनची कुंडली कशी बघता, ते त्यांच्यासाठी लिहा.

भुसावळ, दुरुस्तीचं दुकान : गिऱ्हाईक समोर असतानाच मी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालू होतं तो) लावतो आणि टर्मिनलमध्ये प्रोसेसरची माहिती देणारी 'एलएससीपीयू' कमांड चालवतो. व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत इंटेलला 'व्हीटी-एक्स', एएमडीला 'एएमडी-व्ही' दिसायला हवं. ओळ दिसली नाही म्हणून मशीन बाद करू नका. पुष्कळदा ही सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलवर 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' या नावानं सापडते. चोपड्याच्या एका विद्यार्थिनीला एका दुकानात सांगितलं होतं, हा आय-थ्री आहे, यावर जमणार नाही. बायोसमध्ये तेवढं चालू केलं, सेव्ह केलं, मशीन पूर्ण बंद करून परत लावलं, ओळ हजर! आय-थ्रीत व्हीटी-डी (हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनला जोडून देणारी सोय) नसेल तरी साध्या व्हर्च्युअल मशीनला ते लागत नाही. पैसे जपून वापरणाऱ्या घरांना कुणी उगाच नवं मशीन घ्यायला लावलं की मला फार वाईट वाटतं.

धुळे, कॉलेजची लॅब : उबुंटूवर 'सीपीयू-चेकर' पॅकेज टाकून 'केव्हीएम-ओके' चालवतो, केव्हीएम चालेल की नाही ते कळतं. मग रॅम बघायला 'फ्री -एच'. त्यात 'फ्री'चा नाही, 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. ८ जीबीत पाहुण्या सिस्टिमला (व्हर्च्युअल मशीनमधल्या) २ जीबी दिले की दोघांचं भागतं.

शिरपूर : सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू आहे का, तेही बघा. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूलवर सही नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते घेत नाही. केव्हीएम २००७ पासून कर्नलमध्येच आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

जळगाव : मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की 'सेन्सर्स'वर तापमान बघितल्याशिवाय मी व्हर्च्युअल मशीन सुरू करत नाही. पंख्यातली धूळ आधी काढा. प्रोसेसरचे सगळे कोअर पाहुण्याला देऊ नका.

नंदुरबार : दादा, माझ्याकडे ४ जीबीच रॅम आहे. सर्व्हर शिकायचाय. जमेल का?

भुसावळ : जमेल ताई. डेस्कटॉप न टाकता डेबियन घ्या, १ जीबी द्या. आणि 'सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी' चालवून रॅमचा एखादा स्लॉट रिकामा आहे का बघा. असेल तर जुनी पट्टी स्वस्तात मिळून जाईल. डीडीआर-३ की ४, तेही तिथेच दिसेल. ते लिहून आणा.