डीपीडीकेसाठी कोणतं कार्ड आणि कोणता ड्रायव्हर? (जळगाव)

तापीकाठ: राम राम मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी १० गिगाबिट लाइनवरची पॅकेट्स डीपीडीके ही लायब्ररी वापरून, कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) बाजूला ठेवून थेट प्रोग्रॅममध्ये घ्यायची आहेत. लॅबमध्ये आय-५ डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू. नेटवर्क कार्ड सेकंडहँडच घेणार. इंटेल एक्स५२० की मेलानॉक्स? आणि ड्रायव्हर कोणता, आयजीबी-यूआयओ की व्हीएफआयओ?

भुसावळकर: भाऊ, एक्स५२० घ्या. डीपीडीकेवर ते पुष्कळ लोकांनी वापरलंय, त्यामुळे अडलात तर उत्तर सापडतं. ड्रायव्हर व्हीएफआयओ-पीसीआयच. आयजीबी-यूआयओ २०२० मध्येच डीपीडीकेच्या मुख्य सोर्समधून बाहेर काढलंय, त्याच्या नादी लागू नका. बायॉसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू, म्हणजे कार्डाला मेमरीचा ठरलेला भागच वापरू देणारी सोय) चालू करा, ग्रब या बूटलोडरमध्ये आयओएमएमयू ऑन करा आणि ह्यूजपेजेस (मेमरीची मोठी पानं) बूटच्या वेळीच राखून ठेवा. नंतर मेमरीचे तुकडे झाले की १ जीबीची पानं मिळत नाहीत. मग डीपीडीकेच्या डेव्हबाइंड स्क्रिप्टने कार्डाचा पोर्ट व्हीएफआयओ-पीसीआयला बांधायचा. बांधला की तो 'आयपी लिंक'च्या यादीतून नाहीसा होतो, ते बरोबरच आहे. एसएसएच मात्र मदरबोर्डच्या पोर्टवरूनच ठेवा, नाहीतर बसल्या जागी मशीन हातातून जाईल.

'ग्रुप इज नॉट व्हायेबल' अशी एरर आली, तर त्याच आयओएमएमयू ग्रुपमधलं (एकत्रच सोपवावी लागणारी उपकरणं) दुसरं काहीतरी अजून कर्नलकडे आहे असं समजा. आधी कार्डाचा स्लॉट बदलून बघा.

धुळेकर_नेट: माझं मत मेलानॉक्सला, कनेक्टएक्स-४ किंवा पुढचं. त्यात पोर्ट कर्नलकडून काढून घ्यावाच लागत नाही, कर्नल आणि डीपीडीके दोघंही तो वापरतात. आरडीएमए-कोर हे पॅकेज तेवढं टाकावं लागतं. बजेट बसत असेल तर विचार करा.

कार्ड कुठलंही घ्या, उष्णतेचं आधी बघा. डीपीडीके इंटरप्टची (कार्डाच्या इशाऱ्याची) वाट बघत नाही, सतत पोल करतं, म्हणजे पॅकेट आलं का ते स्वतःच बघत राहतं. पॅकेट नसलं तरी त्याला दिलेला प्रोसेसरचा कोर १०० टक्केच दिसणार. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार हवेसाठी बनवलेली, वर नुसतं हीटसिंक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, त्यात बंद कॅबिनेटमध्ये ते तापून पोर्ट बंद पडू शकतो. हीटसिंकवर छोटा पंखा बांधाच. लॅबला एसी नसेल तर टेस्ट सकाळी लावा.

तापीकाठ: एसी नाहीच, पंखा आधी घेतो. बजेटमध्ये एक्स५२०च बसतंय. एकच कोर पुरेल का?

भुसावळकर: ६४ बाइटची पॅकेट्स पूर्ण वेगाने आली तर सेकंदाला १.४८ कोटी होतात, म्हणजे एकेका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. नुसतं मोजायला एक कोर पुरेल. आतलं वाचून निर्णय घ्यायचा असेल तर आरएसएसने (पॅकेट्स वाटून देणारी कार्डाची सोय) दोन-तीन कोरांवर वाटा. अंदाज कशाला, टेस्टपीएमडी (डीपीडीकेसोबतचा चाचणी प्रोग्रॅम) आरएक्स-ओन्लीवर, म्हणजे नुसती पॅकेट्स घेण्याच्या मोडवर, चालवा आणि पोर्टचे आकडे बघा. 'आरएक्स-मिस्ड' (सुटलेली पॅकेट्स) वाढत असेल तर कोर कमी पडतोय. तो आकडा इथे टाका, पुढचं बघू.